अष्टफलक कोडं: पडद्यावरचं की हातातलं?

रुबिक क्यूब जमल्यापासून भाचा मागे लागलाय, "मामा, आठ बाजूंचं कोडं खरं घेऊ का कॉम्प्युटरवरच फिरवू?" अष्टफलक म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचं, रुबिकसारखंच बाजू फिरवून रंग जुळवायचं कोडं. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून सांगतो.

खर्चाचा प्रश्न एका ओळीत मिटतो. सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची नक्कल, फुकट मिळतं; खरं कोडं तालुक्याला मिळत नाही, कुरियरनं मागवावं लागतं.

टिकाऊपणात आमच्या घराचा दोष जास्त. चांगला भाव मिळेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवलेला. महिनाभरात फटींत तंतू अडकून बाजू रखडायला लागल्या. खोलून साफ केलं आणि एक कडेचा तुकडा उलटा बसवला. मग दोन दिवस सोडवत बसलो, सुटणार कसं? पडद्यावर ही भानगड नाही. पण लाइट गेली की पडदाही गेला.

खरी गंमत शिकण्यात आहे. प्रत्येक बाजूला 9 त्रिकोण, एकूण 72. तुकडे असे: 6 कोपरे (प्रत्येकावर 4 त्रिकोण), 12 कडा (प्रत्येकीवर 2) आणि 24 मधले सुटे त्रिकोण. सिम्युलेशनमध्ये चाल मागे घेता येते. तीच चाल दहादा करून कोणते तीन त्रिकोण जागा बदलतात ते नीट दिसतं. हातात असं केलं की चौथ्या फेरीला मी हमखास हरवतो. मात्र पडद्यावर एका वेळी चारच बाजू दिसतात, आणि माउस जरा तिरका ओढला की भलतीच बाजू फिरते. वेग तर बोटांनाच येतो.

चाली समजून घ्यायच्या असतील, स्वतः शोधायच्या असतील, तर सिम्युलेशन. घड्याळ लावून सोडवायचं असेल किंवा एसटीत वेळ काढायचा असेल, तर खरं घे. भाच्याला सध्या पहिलंच पुरे.