घोट्याचा पट्टा: साडेतीन तारे

जानेवारीत सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन गप्पा मारत आतकरवाडीच्या वाटेने उतरत होते. घसाऱ्यावर उजवा पाय आत मुडपला आणि पाच मिनिटांत बाहेरचा घोटा लिंबाएवढा! डॉक्टरांनी घोट्याच्या हाडाची मागची कड दाबून पाहिली, चार पावलं चालायला लावलं आणि एक्स-रे नको म्हणाले. दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. मालिश अजिबात नाही. (सासूबाई आंबेहळद-तुरटी घेऊन तयारच होत्या. त्यांना मीच थोपवलं.)

क्रेप बँडेज तासाभरात ढिलं पडायचं, म्हणून चौथ्या दिवशी पट्टा आणला. आधी मोज्यासारखा चढवायचा घेतला. ऊब छान लागते, पण पाय आत वळायचा तो वळतोच. मग साडेसहाशे देऊन नाडीवाला घेतला. त्याच्या दोन पट्ट्या टाचेखालून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फिरून बाहेरच्या बाजूने वर ओढल्या जातात. त्यामुळे पाऊल वर-खाली होतं, आत मात्र मुडपत नाही. हाडं जोडणारा बाहेरचा अस्थिबंध ताणला गेला होता, त्याला हेच हवं होतं. जिना उतरतानाची भीती पहिल्याच दिवशी निम्मी झाली.

आता तक्रारी. खोक्यावर माप बुटाच्या नंबरावरून दिलंय. माझा नंबर सहा, म्हणून मीडियम आणला आणि सुजलेल्या घोट्यावर तो बसेना. बदलायला परत दुकानात. टेपने घोट्याचा घेर मोजूनच घ्या. वेलक्रोने दोन सलवारींच्या कडा उसवल्या. चपलेत तो घालून चालता येत नाही, आणि बुटातही आतला सोल काढल्यावरच मावतो. हाताने धुतला की वाळायला अख्खा दिवस.

पण तारा कापला तो यासाठी नाही. आतल्या कागदावर व्यायामाचं अवाक्षर नाही! पाय लचकला की तोल सांभाळणारी त्याची जाणीवही बोथट होते, ती पट्ट्याने परत येत नाही. फिजिओताईंनी मला दात घासताना एका पायावर उभं केलं. आधी तीस सेकंद, जमलं की बेसिन धरून डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात बगळ्यासारखी डुलत होते.

एप्रिलपासून पुन्हा रविवारचा सिंहगड. चढताना पट्टा सॅकमध्ये असतो, पुणे दरवाज्यातून परत निघताना बसून नाड्या आवळते. मैत्रिणी तोवर ताक पितात.