हूपवरचं हरीण: काही महिने वापरल्यानंतर

पाइनच्या खोडांमध्ये उभं राहून मान वळवून बघणारं शिंगवालं हरीण, पायाशी थोडे नेचे. ही मशीन एम्ब्रॉयडरीची डिझाइन, म्हणजे हूपमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत) मशीन आपोआप भरतं ती फाइल, मी गेले काही महिने सतत भरतेय: कुशन कव्हर, कॅनव्हासच्या पिशव्या, टेबल रनर, टॉवेल, शिवाय हौस म्हणून टी-शर्टसुद्धा. आधीच सांगून टाकते, जाड आणि घट्ट विणीच्या कापडावर पैसे वसूल. टी-शर्टवर डोक्याला ताप.

पॅकमध्ये तीन मापं आहेत आणि पीईएस, जेईएफ, डीएसटी असे मशीनच्या फाइलींचे नेहमीचे फॉरमॅट. डीएसटी वापरणार असाल तर रंगांचा तक्ता छापून मशीनशेजारी चिकटवा. त्या फाइलमध्ये दोरा कुठे बदलायचा एवढंच कळतं, कोणता लावायचा ते नाही. स्क्रीनवर हरीण जांभळं दिसलं तर घाबरू नका.

मला ही डिझाइन आवडली ती अंगावरच्या केसांमुळे. स्वस्तातल्या बहुतेक प्राण्यांच्या डिझाइनमध्ये पूर्ण अंग एकाच दिशेच्या टाक्यांनी भरून टाकतात आणि प्राणी स्टिकरसारखा सपाट दिसतो. इथे मानेवरचे टाके खाली उतरतात, छातीशी वळतात, पाठीवरून शेपटीकडे जातात, आणि लांब-आखूड टाके एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यामुळे एकाच तपकिरी दोऱ्यात उजेड पडेल तशा दोन-तीन छटा दिसतात. करणाऱ्याने हरीण नीट बघितलंय, एवढं नक्की.

पण दोरा! तक्त्यात 40 नंबरचा पॉलिस्टर दिलाय. तो मजबूत असतो, धुण्यात टिकतो, पण चकाकतो, आणि रानातलं हरीण सॅटिनचा कोट घातल्यासारखं दिसतं. मी अंगासाठी आणि खोडांसाठी मॅट सुती दोरा लावायला लागले आणि डिझाइनचं रूपच पालटलं. जाडसर लिननवर तर ते हाताने भरल्यासारखं वाटतं. अर्थात सुती दोऱ्याचे नखरे असतात. वेग कमी ठेवावा लागतो. मी मिनिटाला 500 टाक्यांच्या वर जात नाही. 75 ऐवजी 90 नंबरची, जाडसर सुई लावते. आणि बॉबिन केसभोवती (खालच्या दोऱ्याची डबी) इतका कचरा साठतो की दर हूपनंतर ब्रश फिरवावाच लागतो. डोळा आणि नाक मात्र पॉलिस्टरमध्येच ठेवते. तिथे ती चकाकी हवीच.

चार तपकिरी छटांपैकी मधल्या दोन इतक्या जवळच्या आहेत की भरून झाल्यावर मलाच ओळखता येत नाहीत. एकसुईच्या मशीनवर दर वेळी उठून दोरा बदलावा लागतो, म्हणून मी त्या दोन्हींसाठी एकच रीळ चालवते. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

आता डोळा. काळा गोल, त्यावर चार-पाच टाक्यांचा पांढरा ठिपका, आणि हे सगळं अंग पूर्ण भरून झाल्यावर. एवढ्या भरावाने तोपर्यंत कापड टाक्यांच्या दिशेने आत ओढलं गेलेलं असतं. स्टॅबिलायझर (कापडामागे लावायचा आधाराचा थर) जरा ढिला असेल तर ठिपका जेमतेम मिलिमीटरभर सरकतो, डोळ्याच्या काठावर पडतो आणि हरीण तिरळं होतं. उपाय दोन: हूपमध्ये कटअवे (कडेने कापायचा, मागे कायम राहणारा स्टॅबिलायझर) घट्ट बसवून त्याखाली आणखी एक थर सरकवायचा, आणि सुरुवातीला मशीनकडून चौकोनी कच्ची टीप मारून घ्यायची. एवढं केलं की डोळा जागच्या जागी बसतो. टेअरअवे (फाडून काढता येणारा स्टॅबिलायझर) सोयीचा वाटला तरी या डिझाइनला पुरत नाही. त्यावर भरलेली पिशवी धुतल्यावर हरणाभोवती सुरकुत्या पडल्या, कटअवेवाली कुशन कव्हरं अजून सपाट आहेत.

खरी तक्रार आहे ती सर्वांत लहान मापाबद्दल. 100 बाय 100 मिलिमीटरच्या हूपसाठी दिलेली फाइल वेगळी डिजिटाइझ केलेली (टाके नव्याने आखलेली) वाटत नाही, मोठीच आकसून ठेवलेली वाटते. शिंगांच्या टोकांशी सॅटिन टाक्यांच्या पट्टीची रुंदी मिलिमीटरपेक्षाही कमी होते, सुई त्याच त्या भोकांत शिरत राहते, दोरा तुटतो आणि मागे गुंत्याचा गोळा. नेच्यांची पानं तर हिरवी गाठ होऊन बसतात. विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं, तर ‘मशीनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) तपासा’ असं छापील उत्तर आलं. तेच टेन्शन मधल्या मापाला बिनबोभाट चालतं, हे त्यांना कोण सांगणार.

टी-शर्टचं दुखणं वेगळं. भराव दाट असल्याने ताणणाऱ्या कापडावर हरणाचा पत्रा होतो, पोटाला टोचतो. सॉफ्टवेअरमध्ये टाक्यांची घनता कमी केली तर केसांमधून कापड डोकावतं. टॉवेलवर मात्र वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाकली की काम चांगलं होतं, नाहीतर लूप शिंगांमधून वर येतात.

पॅकमध्ये फक्त रेषांचं, एकरंगी हरीणही आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेख जेमतेम. पण साध्या टाक्यांचं असल्याने ते पटकन भरून होतं, मऊ राहतं, आणि टी-शर्टवर भरायचंच असेल तर हेच भरा. डेनिमवर मळकट पांढऱ्या दोऱ्यात ते मला रंगीत हरणापेक्षाही जास्त आवडलं. घेणार असाल तर मधलं माप आणि हे रेषांचं, एवढ्यासाठी घ्या. तुमच्याकडे लहानच हूप असेल तर फक्त रेषांचं चालेल, रंगीत हरणाच्या वाटेला जाऊ नका.