लगेच मैदानात की आधी बाकावर? वॉकर आणि सँडर्स

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, सुरुवातीची ही दोन टोकं.

हर्शेल वॉकर 1980 मध्ये जॉर्जियाकडून पहिला सामना खेळला तो नॉक्सव्हिलला, टेनेसीविरुद्ध. संघ एका टप्प्यावर 0-15 ने मागे. बदली म्हणून उतरलेल्या या पोराने वाटेत उभ्या ठाकलेल्या टेनेसीच्या बचावपटू बिल बेट्सला बगल दिलीच नाही. सरळ धडक मारून त्याला आडवं केलं आणि टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) गाठला. जॉर्जिया 16-15 ने जिंकलं. मोसमात धावून 1,616 यार्ड, शिवाय राष्ट्रीय विजेतेपद. मोसमाअखेरच्या शुगर बोल सामन्यात तर खांदा निखळूनही 150 यार्ड!

ओक्लाहोमा स्टेटमध्ये बॅरी सँडर्सची पहिली दोन वर्षं त्याच जागेवरच्या थर्मन थॉमसच्या मागे, राखीव म्हणून गेली. 1987 मध्ये किकऑफ परतवण्याच्या (प्रतिस्पर्ध्याने मारलेला चेंडू झेलून पुढे धावण्याच्या) सरासरीत मात्र तो देशात अव्वल होता. थॉमस कॉलेज सोडून गेला आणि 1988 मध्ये 11 सामन्यांत 2,628 यार्ड, धावून 37 टचडाऊन आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी.

वॉकरलाही ती ट्रॉफी तिसऱ्याच मोसमात, 1982 मध्ये मिळाली. मला सँडर्सची वाट जास्त पटते. या जागेवर प्रत्येक धडक अंगावर येते, आणि अठराव्या वर्षी वॉकरसारखी ताकद फार थोड्यांकडे असते.