मोटरहोम काही महिने वापरल्यावर: उतरता उन्हाळा, खारी हवा आणि सात मीटरचं घर

‘सहा जण आरामात झोपू शकतात’ असं आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, जाहिरातीत विक्रेत्याने ठळक लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मागे मुलांसाठी दुमजली बंक, ड्रायव्हरच्या डोक्यावर दोघांचा पलंग, आणि मधलं टेबल खाली उतरवून गाद्या जुळवल्या की आणखी दोघांची सोय. मात्र बेल्ट असलेल्या सीट चारच. म्हणजे सहा जण झोपणार, पण प्रवास चौघांनीच करायचा! जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आमची गाडी सेकंडहँड, डिझेलवर चालणारी, फ्रंट व्हील ड्राइव्ह. सात मीटर लांब, तीन मीटरच्या आसपास उंच. आम्ही दोघं, मोठी मुलगी आणि धाकटा. काही टप्पे माझे बाबाही सोबत होते, तेव्हा ह्यांनी गाडीत जागा सोडून ट्रेनने पुढचा मुक्काम गाठला. ऐन उन्हाळ्यात छोट्या सहली झाल्या, पण गाडीचा खरा कस लागला तो उन्हाळा उतरताना केलेल्या लांबच्या किनारी प्रवासात. उन्हाळा म्हणजे समशीतोष्ण पट्ट्यातला, ऑगस्ट-सप्टेंबरकडे संपत जाणारा. एवढं वापरून झाल्यावर माझं मत असं की मोटरहोम घेताना झोपायच्या जागा सगळ्यात शेवटी मोजाव्यात. आधी वजन, पाणी आणि ओल बघावी. त्यातही ओल, कारण तिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी चकार शब्द काढत नाही.

वजनापासून सुरुवात करते. युरोपातल्या बहुतेक देशांत साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून उत्पादक सगळा संसार त्या आकड्यात कोंबतात. आमच्या कागदपत्रांप्रमाणे सामानासाठी सुमारे ४०० किलो शिल्लक होते. ऐकायला भरपूर वाटतात. पण काही उत्पादक गाडीचं वजन सांगताना टाकीत फक्त २० लिटर पाणी धरतात. टाकी काठोकाठ भरली की १०० लिटरला १०० किलो, म्हणजे ८० किलो तिथेच गेले. ड्रायव्हर हिशेबात असतो, बाकीची माणसं नसतात. त्यात बाहेरचा छत-पडदा, जादा बॅटरी, सायकली, मुलांचे बूट (हे बूट कुठून एवढे येतात देव जाणे). वजनकाट्यावर गाडी नेऊन दोन्ही आसांचं वजन वेगवेगळं करून घ्या. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर, असं सहज होऊ शकतं.

सायकली मागच्या आसाच्या बऱ्याच पलीकडे टांगलेल्या असतात. त्या मागचं टोक दाबतात आणि तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार हलका करतात. ओढायचं काम तर पुढच्याच चाकांचं. कोरड्या डांबरावर जाणवतही नाही, पण उन्हाळा संपताना गवतावर रोज सकाळी दव असतं. ओल्या गवतावरून निघताना चाकं जागच्या जागी फिरतात. रबरी जाळीचे दोन पट्टे चाकाखाली सरकवायचे, टाकीतलं पाणी ठरलेल्या जागी आधीच कमी करून घ्यायचं आणि क्लच सावकाश सोडायचा. कॅम्पसाइटवर, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामतळावर, पर्याय असेल तिथे खडीची जागा मागायची, समुद्राचं दृश्य थोडं कमी दिसलं तरी चालेल.

पाण्याचं गणित सोपं आहे आणि निर्दय आहे. अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. असं केलं तर माणशी आठ-दहा लिटरमध्ये भागतं. मुलगी केस धुणार असेल त्या दिवशी बाकीच्यांनी समजून घ्यायचं. पण किनाऱ्यावर आणखी एक खर्च असतो, तो म्हणजे वाळू आणि मीठ. पाय धुतल्याशिवाय कुणी आत येत नाही, आणि तेच पाणी नकळत टाकी रिकामी करतं. दाराजवळ दहा लिटरचा वेगळा कॅन आणि पाणी घ्यायला एक मग ठेवला तेव्हा टाकी जवळजवळ दीड दिवस जास्त पुरायला लागली. सांडपाण्याची टाकी खाली असते. तिचा आकडाही बघून घ्या, कारण ती भरली की वरची टाकी भरलेली असूनही काम अडतं. कॅसेट टॉयलेटबद्दल (ज्याचा खालचा मैल्याचा डबा बाहेर काढून रिकामा करायचा असतो) फार लिहीत नाही. डबा १७ ते २० लिटरचा असतो, चौघांना दोन दिवस जेमतेम. रिकामा करायचं काम आळीपाळीने ठेवा आणि वाद मिटवा.

आता ओल. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. त्यामुळे सप्टेंबरात पाणी पोहण्याजोगं कोमट असतं, पण संध्याकाळ होताच हवा गार पडते. दिवसा खारे वारे आत येतात, रात्री मतलई वारे परत फिरतात, आणि पहाटे गाडीच्या काचा, छत, सायकली सगळं निथळत असतं. ही झाली बाहेरची ओल. आतली आपण स्वतः तयार करतो. चार माणसं रात्रभर श्वास घेतात त्यातूनच जवळपास लिटरभर पाणी हवेत जातं. त्यावर गॅसची शेगडी. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, आणि शेगडीची ती सगळी वाफ घरातच राहते. त्यात पोहण्याचे ओले कपडे न्हाणीत टांगलेले. एवढ्याशा बंद जागेत हे पाणी जाणार कुठे? सगळ्यात गार पृष्ठभागावर. आमच्याकडे ती जागा म्हणजे धाकट्याच्या बंकची बाहेरच्या भिंतीकडची बाजू आणि आमच्या गादीची खालची बाजू. गादी उचलून बघितली तर प्लायवूडवर ओला पट्टा.

थंडी वाजते म्हणून सगळं घट्ट बंद करण्याची ओढ असते, नेमकं तेच करायचं नाही. छतावरच्या झडपा बोटभर उघड्या, खिडक्या त्यांच्या अर्ध्या खाचेवर, आणि हीटर मंद चालू. गरम हवा ओल धरते आणि फटीतून घेऊन जाते. स्वयंपाक करताना शेगडीजवळची खिडकी उघडी हवीच, पाऊस असला तरी. जमिनीजवळच्या आणि छतावरच्या कायम उघड्या असलेल्या हवेच्या जाळ्या वारा येतो म्हणून चिंध्या कोंबून बंद करणारे लोक मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका. गॅस गळाला तर तो हवेपेक्षा जड असल्याने खालच्याच जाळीतून बाहेर जातो, आणि ज्वलनाला ताजी हवा लागतेच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घातल्यावर आमचा ओला पट्टा गेला. सगळ्या खर्चांत पैसा वसूल झालेली हीच वस्तू.

सेकंडहँड घेणार असाल तर ओल मोजायचं यंत्र सोबत न्या आणि कोपरे, खिडक्यांच्या कडा, छताचे सांधे तपासा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेलं तर सांध्यातून पाणी शिरत असल्याची शंका घ्यायची आणि भाव करत बसण्याऐवजी दुसरी गाडी बघायची.

हीटर आमचा डिझेलवरचा आहे. मंद ठेवला तर तासाला ०.१ लिटरच्या आसपास पितो. जळालेला वायू आणि त्यातली वाफ नळीने बाहेर जाते, म्हणून तो आत ओल वाढवत नाही. गॅसवरचे चांगले हीटरही तसेच असतात. फक्त सुरू होताना डिझेल हीटर मिनिटभर बरीच वीज ओढतो आणि बॅटरी आधीच दमलेली असेल तर कुरकुरतो. सिलिंडर कुठला, हाही प्रश्न उन्हाळा संपताना येतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. नेहमीच प्रोपेन ठेवा म्हणजे विचारच करायला नको.

विजेबाबत ऐन उन्हाळ्यात मी फुशारकी मारायचे की आम्हाला कॅम्पसाइटची वीजजोडणी लागतच नाही. छतावरचं सौर पॅनेल दुपारपर्यंत बॅटरी भरून टाकायचं. पॅनेल छतावर आडवं असतं, सूर्य मात्र खाली उतरत जातो. ४५ अक्षांशावर जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६८ अंशांवर असतो, सप्टेंबरच्या संपाताला (दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा) ४५ वर. दिवस साडेपंधरा तासांवरून बारावर येतो आणि त्या सुमारास रोज तीनेक मिनिटांनी आखडतो. म्हणजे वीज कमी तयार होते आणि दिवे, हीटरचा पंखा यांची गरज वाढते. पॅनेलवर मिठाचा थर बसतो तो वेगळाच, तो गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावा लागतो. आम्ही लेडची (शिशाची) बॅटरी काढून १०० अँपिअर-तासांची लिथियम बसवली. लेडच्या बॅटरीतली जेमतेम अर्धी वीज वापरता येते, हिच्यातली जवळजवळ सगळी. सोबत इंजिनवर चार्ज होण्यासाठी वेगळा चार्जर लागतो, कारण नव्या डिझेल गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करणारं यंत्र) इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज कमी करतो. बसवणाऱ्याने हे सांगितलं नाही तर दुसरा बसवणारा शोधा.

फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा, शोषण पद्धतीचा. त्यातलं अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं, त्यामुळे गाडी तिरकी असली की तो थंड करत नाही. मुक्कामाला पोचल्यावर चाकांखाली पाचरी लावून गाडी समतल करणं हे धाकट्याचं खातं. पाणपातळी घेऊन तो इतका गंभीर असतो की आम्ही निमूट मागेपुढे करतो.

वाऱ्याबद्दल दोन शब्द. किनाऱ्यालगतच्या पुलांवर आडवा वारा गाडी अक्षरशः ढकलतो. ह्यांनी ८० च्या वर वेग नेणं सोडून दिलं, मलाही ते पटतं. रात्री गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावायची, नाहीतर वरच्या पलंगावर झोप लागत नाही. बाहेरचा छत-पडदा निजताना गुंडाळून ठेवायचा, आकाश स्वच्छ असलं तरी. आणि समुद्राच्या अगदी काठावर गाडी लावायचा मोह झाला तर भरतीचं कोष्टक बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतंच, पण संपाताच्या आसपासची उधाणं जास्त मोठी असतात. अष्टमीच्या भांगाच्या (कमी उंचीच्या) भरतीत कोरडी दिसलेली वाळू आठवड्याने पाण्याखाली जाते. तसंही किनाऱ्याजवळच्या बऱ्याच वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो, तिथे आमच्यासारख्यांचा प्रश्नच मिटतो.

हंगाम संपताना कॅम्पसाइट अर्ध्या मिटलेल्या असतात. काही न्हाणीघरांना कुलूप, लांबच्या नळाचं पाणी बंद, खेळाच्या जागेत कुणी नाही. माझ्या मते हा सौदा फायद्याचा. आधी जागा राखावी लागत नाही, पाण्याकडची पहिली रांग मिळते. मुलीला मात्र सोबतीला कुणी नव्हतं आणि तिने ते रोज ऐकवलं. पावसाच्या लागोपाठच्या दिवसांत सात मीटर फार कमी पडतात. अशा वेळी जेवणाच्या टेबलाचा पलंग करायचा नसणं हे मोठं सुख. बाबा असताना ते करावं लागलं, कारण शिडी चढून वरच्या पलंगावर जाणं त्यांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. रोज रात्री टेबल मोडा, सकाळी मांडा. बाबा पहाटे पाचला उठतात, हे त्यातल्या त्यात बरं. घरात ज्येष्ठ असतील तर जमिनीलगतचा कायमचा पलंग असलेलीच रचना घ्या, बंक नसले तरी.

गाडी शंभर किलोमीटरला ११ लिटर घेते, वारा समोरून असला तर १२. खाऱ्या हवेने दाराचं कुलूप आणि बाहेर सरकणारी पायरी आधी धरतात. परतल्यावर गाडीच्या खालून गोड्या पाण्याचा फवारा मारला आणि कुलपात ग्रीस घातलं, तेव्हा दोन्ही सुटी झाली.

गाडी आम्ही ठेवतोय. टायर मात्र बदलतोय. नक्षी शाबूत आहे, पण या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमचे त्याहूनही जुने निघाले. आणि पुढच्या वेळी दोनच सायकली नेणार. कुणाच्या, ते अजून ठरलेलं नाही.