गुरुदत्त मोठ्या पडद्यावर: पाच चित्रपट, तीन दिवस आणि एक राहिलेला

गुरुदत्तच्या जन्मशताब्दीनिमित्त 8 ते 10 ऑगस्ट 2025 असे तीन दिवस त्याचे पाच चित्रपट रिस्टोअर केलेल्या आवृत्तीत देशभरातल्या थिएटरांत पुन्हा लागले. 'बाज' (1953), 'आर पार' (1954), 'मिस्टर अँड मिसेस 55' (1955), 'प्यासा' (1957) आणि 'चौदहवीं का चाँद' (1960). तीन दिवसांचं ते प्रदर्शन संपलं, पण असे खेळ महोत्सवांत आणि फिल्म सोसायट्यांत होतच राहतात. त्यामुळे हे परीक्षण जितकं त्या पाच चित्रपटांच्या निवडीचं, तितकंच ते दाखवण्याच्या पद्धतीचं.

आधी निवड. गुरुदत्तच्या नावावर दिग्दर्शक म्हणून आठ चित्रपट आहेत आणि या पाचांत त्यातले चारच. पाचवा, 'चौदहवीं का चाँद', एम. सादिक यांनी दिग्दर्शित केला आहे. गुरुदत्त तिथे निर्माता आणि नायक. 'कागज़ के फूल' आपटल्यावर त्याने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा कधी लावलं नाही, हा संदर्भ माहीत असेल तर त्या चित्रपटाची हजेरी उलट अर्थपूर्ण ठरते. फक्त प्रेक्षकाला ते सांगायला हवं. कृष्णधवल चित्रपटात शीर्षकगीत रंगीत, हा त्या काळच्या बाजाराचा हिशेबही त्यातच दिसतो.

खरी खंत 'कागज़ के फूल'ची (1959). सिनेमास्कोपमधला, म्हणजे अतिरुंद पडद्याच्या तंत्रातला, भारतातला पहिला चित्रपट, म्हणजे थिएटरची सगळ्यात जास्त गरज याच चित्रपटाला. मोबाइलवर त्याची एक पट्टी होते, आणि स्टुडिओच्या अंधारातून उतरणारा छायालेखक व्ही. के. मूर्तींचा तो प्रसिद्ध प्रकाशझोत त्या पट्टीत जेमतेम दोन बोटांचा उरतो. तो नसलेली गुरुदत्तची शताब्दी म्हणजे तबल्याविना मैफल.

वेळ एकाच चित्रपटापुरता असेल तर 'प्यासा'. दोन जमत असतील तर आधी 'आर पार' पाहावा. मुंबईचे रस्ते, गॅरेज, टॅक्सीवाला नायक, प्रत्येक पात्राच्या तोंडी त्याच्या घरची बोली (संवाद अबरार अल्वींचे) आणि संवादातूनच सुरू होणारी गाणी. 'सुन सुन सुन सुन ज़ालिमा' कुठल्या क्षणी बोलणं सोडून गाणं होतं ते बघा, म्हणजे तीन वर्षांनी 'प्यासा'त तीच युक्ती किती खोल गेली ते कळतं. 'बाज' अभ्यासकांनी पाहावा. पोर्तुगीजांविरुद्धची समुद्रावरची साहसकथा, गीता बाली झकास, बाकी जहाज पुठ्ठ्याचं.

आता पडद्याकडे वळू, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले आहेत, 1.37:1 (रुंदी : उंची). आजच्या थिएटरांत फ्लॅट (1.85) आणि स्कोप (2.39) असे दोनच प्रीसेट, म्हणजे प्रोजेक्टरच्या ठरलेल्या मांडण्या, रोज वापरले जातात. जुना चित्रपट फ्लॅटच्या डीसीपीत (थिएटरला पाठवली जाणारी डिजिटल प्रत) येतो. 4K असेल तर 3996 बाय 2160च्या चौकटीत मधले साधारण 2960 पिक्सेल चित्राचे आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. हे पट्टे दोष नाहीत. 'पडदा पूर्ण भरत नाही' म्हणून तक्रार करणारे भेटतात. त्यांचं ऐकून चित्र मोठं केलं तर डोकी जातात.

सर्रास होणारी चूक अशी: आधीचा खेळ स्कोपचा असतो, लेन्सचा प्रीसेट तसाच राहतो आणि फ्लॅट चित्रपट त्यावरच सुरू होतो. अशा वेळी उंचीतला सुमारे 20 टक्के भाग पडद्याबाहेर सांडतो, दहा वर आणि दहा खाली. श्रेयनामावलीच्या वरच्या ओळी कापल्या गेल्या किंवा क्लोज-अपमध्ये कपाळ भुवयांपाशी संपलं की ओळखावं. 'प्यासा'त हे फार महागात पडतं. 'ये दुनिया अगर मिल भी जाए तो क्या है'मध्ये दोन्ही हात पसरून दारात उभा राहिलेला विजय (गुरुदत्तने केलेला कवी-नायक) हा खिळलेल्या ख्रिस्तासारखा दिसायला हवा, आणि ती आकृती दाराच्या चौकटीच्या उंचीवरच उभी आहे. विजयच्या जुन्या प्रेयसीच्या, मीनाच्या, हातातल्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावरही क्रूसावरचा ख्रिस्त दिसतो. ही जोडणी घरच्या टीव्हीवर सुटून जाते. थिएटरात ती सुटू नये एवढी तरी अपेक्षा.

तक्रार पहिल्या दोन-तीन मिनिटांत करावी, मध्यंतराची वाट बघू नये. मल्टिप्लेक्सच्या केबिनमध्ये बहुधा कोणी नसतं, खेळ वेळापत्रकानुसार आपोआप सुरू होतो. म्हणून दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'चित्र नीट दिसत नाही' एवढंच सांगून भागत नाही. 'स्कोपचा प्रीसेट राहिलाय, फ्लॅट लावा' असं सांगितलं की निरोप बरोबर जातो आणि काम अर्ध्या मिनिटात होतं.

स्कोपच्या पडद्यावर 1.37चं चित्र रुंदीच्या साधारण 57 टक्केच जागा घेतं. म्हणून नेहमीच्या जागेपेक्षा तीन-चार रांगा पुढे बसावं, आणि शक्यतो मधोमध. थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा असेल तर मधोमध बसणं सक्तीचंच समजा. त्या पडद्यावर मध्यभाग झगझगीत आणि कडा मंद दिसतात, आणि बाजूच्या खुर्चीवरून तर अर्धा चेहरा काळवंडतो. रंगीत चित्रपटात हे खपून जातं. मूर्तींच्या छायाचित्रणात मात्र करड्याच्या आठ-दहा छटांवरच सगळा खेळ असतो. पडद्यावरचा प्रकाश 14 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे 48 निट असावा हा ठरलेला दंडक. दिवा जुना झाला किंवा थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोर तसाच राहिला की तो बराच खाली येतो. 'जाने वो कैसे लोग थे'च्या मेजवानीत पुस्तकांच्या कपाटाला टेकलेल्या विजयच्या मागची पुस्तकं सुटी सुटी दिसतात का, ही सोपी परीक्षा. काळा एकच गठ्ठा दिसला तर दिवा तरी मंद आहे, नाहीतर प्रत तरी.

प्रत कशी ओळखायची? स्कॅन मूळ निगेटिव्हवरून झालं की सावलीतही तपशील राहतो. प्रदर्शनाच्या प्रिंटवरून झालं की पांढरं जळतं आणि काळं बुजतं. वर उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याची गोल खूण क्षणभर चमकली, तर तो भाग नक्की प्रिंटवरून घेतलेला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निगेटिव्ह जिथे खराब झाली तिथे दुसरा इलाजच नसतो. राग यावा तो अतिसफाईचा. ओरखडे काढता काढता फिल्मचा रवाही (चित्रातला बारीक कणीदारपणा) पुसला की वहीदा रहमानचा गाल मेणाचा दिसतो. केसांच्या कडा आणि मागची कोरी भिंत बघावी. भिंत अगदी गुळगुळीत आणि स्थिर असेल तर सफाई जास्त झाली.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, म्हणजे तो पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच यायला हवा. गाणं मागच्या भिंतीवरून घुमायला लागलं तर कोणीतरी त्याचं 5.1 (चहूबाजूंनी येणारा आवाज) केलंय. डॉल्बी प्रोसेसरवर संदर्भपातळी 7 असते, पण जुना ऑप्टिकल ट्रॅक (फिल्मच्या कडेवर छापलेला आवाज) त्या पातळीवर कानाला बोचतो. 5 ते 5.5वर संवाद मऊ आणि स्पष्ट लागतात. खरखर काढण्याचाही अतिरेक होतो. 'आज सजन मोहे अंग लगा लो'मध्ये गीता दत्तचा श्वास ऐकू येत नसेल, 'स' आणि 'श' बोथट झाले असतील, तर खरखरीबरोबर गाणंही थोडं धुतलं गेलंय.

चित्रपटानंतरची चर्चा हा अशा खेळांचा दुसरा भाग, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. सूत्रसंचालक 'कसा वाटला?' विचारतो, मग कोणी गीता-वहीदा-1964, म्हणजे गुरुदत्तचं खासगी आयुष्य आणि मृत्यू, काढतो, कोणी गाणं म्हणतो, आणि हॉल रिकामा करायची वेळ होते. चाळीस मिनिटं, एकच प्रश्न आणि दोन क्लिपा, एवढं पुरतं.

प्रश्न भांडणाचा निवडावा. 'मिस्टर अँड मिसेस 55' घटस्फोटाच्या कायद्याची टर उडवतो. घटस्फोटाची मुभा देणारा हिंदू विवाह कायदाही 1955चाच. स्त्री-हक्कांसाठी लढणारी ललिता पवारांची सीतादेवी हास्यास्पद, आणि नवऱ्याचा मारसुद्धा समजून घेणारी नायकाची वहिनी आदर्श! 'तो काळच तसा होता' म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात तो कायदा करणारेही होते. वहिनीचा प्रसंग आणि सीतादेवीच्या सभेचा प्रसंग लागोपाठ दाखवा, वाद आपोआप पेटतो. आमच्या मते चित्रपट चुकीच्या बाजूला उभा आहे, आणि मधुबालाचं विनोदाचं टायमिंग त्या बाजूला गोड करून टाकतं, हे जास्त धोक्याचं.

दुसरा वाद जुनाच: 'साहिब बीबी और ग़ुलाम' (1962) कोणाचा? दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वींचं, दिग्दर्शनाचं फिल्मफेअरही त्यांनाच. गाणी गुरुदत्तने घेतली असं सांगितलं जातं. ऐकीव गोष्टींवर भांडण्यापेक्षा एक संवादाचा प्रसंग आणि एक गाणं शेजारी ठेवावं. कॅमेरा चेहऱ्याकडे सरकतो कधी, थांबतो किती वेळ, लेन्स किती लांब आहे, हे पाहावं. 'प्यासा'तले क्लोज-अप आधी बघितलेला प्रेक्षक स्वतःच बोलायला लागतो.

क्लिप लॅपटॉपवरून लावणार असाल तर प्लेअरमध्ये 'स्ट्रेच' बंद आहे ना ते खेळाआधी तपासा. 1.37चं चित्र 16:9मध्ये ताणलं की चेहरे सुमारे 30 टक्के आडवे फुगतात, आणि विजयच्या गालफडांविषयी बोलायला माइक घेतलेल्या माणसाची पंचाईत होते.