पत्त्यात ‘आगळ’ घातलं आणि दुकान गायब झालं

आमचं घरगुती मालाचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. आगळ (कोकमाचा खारट रस), कुळथाचं पीठ, फणसपोळी असा माल. वेबसाइटचा पत्ता आमच्या दुकानाच्याच नावाचा, आटोपशीर. दिवसाला सहा-सात ऑर्डरी यायच्या.

एक दिवस, वेबसाइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्या एकाचा फोन आला. “काका, तुमचं नाव गूगलवर कोण शोधणार? लोक ‘कोकम आगळ ऑनलाइन’ शोधतात. हेच शब्द पत्त्यात हवेत. दोन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी.” अठरा हजार रुपये मोजले. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः लिहून सांगतं. मी ते वाचलं नव्हतं.

त्याने पाच शब्दांचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नवा पत्ता, घेतलं, मध्ये चार आडव्या रेघा. मुखपृष्ठही साध्या पत्त्यावर न ठेवता त्यापुढे आणखी शब्दांची माळ लावून आत ढकललं. आठवड्याने मोबाइलवर दाखवलं, “बघा, पहिले!” शोधायला त्याने डोमेनचे पाचही शब्द जसेच्या तसे टाकले होते. आपल्याच दाराची बेल वाजवून पाहुणे आले म्हणायचं, तसलं ते. मी मात्र पेढे वाटले.

खरा घोळ जुन्या पत्त्यावर झाला. तिथून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लावलंच नव्हतं. पुड्यांवरचा क्यूआर कोड जुनाच. गिऱ्हाइकाने स्कॅन केला की ‘पान सापडलं नाही’. लोकांना वाटलं, धंदा बंद झाला. ऑर्डरी दिवसाला एकावर आल्या.

मग नूतनीकरणाचे म्हणून त्याने पंधरा हजार मागितले. तसल्या डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपये पडतात. भाच्याने नोंदणी तपासली तर मालक म्हणून त्या फोनवाल्याचंच नाव. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा कोडही त्याच्याकडे. भाच्याकडूनच कळलं की नुसते शोधशब्द जोडून केलेल्या सुमार डोमेनांना गूगलने २०१२ सालीच खाली ढकललं होतं, आणि पत्त्यातल्या शब्दांचं वजन नगण्य असतं. दहा वर्षांहून जास्त शिळा माल मला ताजा म्हणून विकला!

जुनं डोमेन नशिबाने भाच्याच्या ईमेलवर होतं. त्यावर दुकान परत आणलं, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारी सोय) आमच्या खात्यावर जोडलं, तेही फुकट. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत.

नव्या पत्त्याच्या स्टिकरांची दोन खोकी माळ्यावर पडून आहेत. मागच्या बाजूवर आम्ही हिशेब लिहितो.