नाड्यांचा मास्क घ्या, कान वाचतील

तीन पदरी सर्जिकल मास्क, पण इलॅस्टिकऐवजी चार नाड्यांचा. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या एका होलसेल सर्जिकल दुकानातून ५० चा बॉक्स आणला. इलॅस्टिकवाल्यापेक्षा थोडा महाग पडतो. तरीही पुढच्या सीझनला मी हाच घेणार.

मी दिंडोरी तालुक्यात एक्स्पोर्टच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर लाइन बघते. जानेवारी ते एप्रिल काम जोरात. टोपी, ग्लोव्हज, मास्क सक्तीचे. बाहेर मार्चचं ऊन, हॉलमध्ये एसीचा गारवा आणि मास्कच्या आत श्वासाची वाफ. कैचीने घडातले खराब मणी काढताना बायकांची मान सारखी खाली. मास्क घसरतो, ग्लोव्हजचा हात तोंडाला लावता येत नाही, म्हणून इलॅस्टिकला गाठी मारून तो आवळतात. मग कानामागे चिरा, नाकाच्या हाडावर लाल वळ, हनुवटीवर पुरळ. एकीच्या कानामागून तर पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, इलॅस्टिकमधल्या रबराच्या रसायनांची ॲलर्जी आहे. "ताई, कान कापून ठेवावेसे वाटतात," असं ती म्हणाली आणि माझ्या पोटात कालवलं.

नाड्यांच्या मास्कची वरची गाठ टोपीवर बसते, खालची मानेवर. कानांवर काहीच भार नाही. तिच्या जखमा भरल्या, बाकीच्यांच्या चिराही गेल्या. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

त्रास आहेत. सुरुवातीला एकमेकींना बांधून द्यावं लागतं, त्यात शिफ्टची पहिली काही मिनिटं जातात. काही मास्कच्या नाड्या शिवणीतून निघाल्या. नाकावरची तार मऊ आहे, चष्मेवाल्यांच्या काचांवर वाफ धरते. आणि जेवायला सोडायचा कंटाळा म्हणून बायका तो हनुवटीखाली ओढून ठेवतात, मग तोच ओला मास्क परत वर. ते मी बंद केलं. जेवण झालं की नवा मास्क, मधे ओला झाला तरी नवा. बॉक्स लवकर संपतो, मालक कुरकुरतात; पण कामावरच्या बाईचा चेहरा सोलवटायला नको.

पुरळ मात्र नुसत्या नाड्यांनी जात नाही. ते घाम, ओल आणि घासण्यामुळे येतं. मास्कखाली पावडर, फाउंडेशन नको. घरी गेल्यावर सौम्य साबणाने तोंड धुवायचं, चोळायचं नाही. सकाळी हलकं मॉइश्चरायझर लावून ते मुरल्यावरच मास्क.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मैत्रिणीने दिली म्हणून बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलची ट्यूब तोंडाला लावू नका. ही स्टेरॉइड्स आहेत. चार दिवस चेहरा छान दिसतो, पण लावत राहिलं तर कातडी पातळ होते, पुरळ वाढतं, आणि ट्यूब थांबवली की आग होते. ट्यूबवर घटक लिहिलेले असतात, वाचून घ्या. चिठ्ठीशिवाय ती घ्यायचीच नसतात. पुरळ हटत नसेल तर सिव्हिलला त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

दुकानात "नाड्यांचा" किंवा "टाय" असं स्पष्ट मागा, नुसतं सर्जिकल म्हटलं तर इलॅस्टिकचाच बॉक्स पुढे करतात. आणि पैसे देण्याआधी एक मास्क काढून नाड्या ओढून बघा. पाचपैकी चार स्टार, एक त्या शिवणीसाठी कापला.